बघेल त्याला खरवस

आमच्या वाडीच्या भागूबाईचा एक नियम होता. गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस झाकून ठेवायचा, पण चुकून ज्याची नजर त्यावर पडेल त्याच्या हातावर वडी ठेवायचीच. नाही ठेवली तर नजर लागते आणि गाय आटते. एकदा तिचा दीर धोंडू बांधावरून भांडायला आला, तेव्हा नेमका डबा उघडा होता. भागूबाईने आधी त्याला वडी खायला लावली आणि मग त्याचा उद्धार केला.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. मुंबईहून वाडीतला भिकू गावी आला तो निरोप घेऊन. भागूबाईची लेक चंद्रभागा मुंबईत गोरेगावला दिलेली. ती पहिलटकरीण, आणि तिला डोहाळे लागले होते खरवसाचे. डोहाळा अपुरा राहिला की पोराची लाळ गळते, हे भागूबाईला कोणी सांगायला नको होतं. देवाची करणी अशी, की त्याच आठवड्यात तिची गाय कपिली व्याली.

साठीची बाई, मुंबई कधी पाहिलेली नाही. गुळाचा खरवस पितळी डब्यात भरला, वर फडकं बांधलं आणि डोंगर उतरून एस.टी.त बसली. परळला उतरून ट्रेनने या, असं जावयाने कळवलं होतं. ती म्हणाली, "ज्या गाडीचा डायवर दिसत नाय, तिच्यात मी नाय बसायची." मग राहिली बस. माहीमला बदलायची, एवढं तिने पाठ केलं.

परळच्या बसमध्ये खिडकी मिळाली आणि तिची मान काही आत येईना. रस्त्यावर माणसंच माणसं, पण एक गाय-म्हैस दिसेल तर शपथ. मग ही माणसं चहा कशाचा पितात? तिने शेजारच्या चष्मेवाल्याला विचारलं, "दादा, तुमची गाय कुठं बांधता?"

"गाय नाही आजी. आमचं दूध बाटलीतून येतं."

"आणि बाटलीत कुठनं येतं?"

"केंद्रातून."

"केंद्रात कुठनं?"

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. भागूबाईला त्याची कीव आली.

तेवढ्यात कंडक्टरने तिच्या मांडीवरच्या डब्याकडे बोट केलं. "आजी, रॉकेल आहे का? गाडीत चालत नाही."

"रॉकेल नाय रे बाबा."

"मग उघडून दाखवा."

झाली का पंचाईत! तिने गाठ सोडली. वेलदोड्याचा वास सुटला. कंडक्टरने बघितलं, चष्मेवाल्याने बघितलं, मागच्या बाईने तर उभं राहून बघितलं. नियम तो नियम. भागूबाईने सगळ्यांच्या हातावर वड्या ठेवल्या. कंडक्टरने वडी खाऊन बोटं चाटली. माहीमला त्याने स्वतः उतरून तिला पुढच्या बसच्या रांगेत उभं केलं.

पुढच्या बसने असा काही ब्रेक मारला की झाकण उडालं आणि घरंगळत पार ड्रायव्हरपाशी गेलं. आता कोणी बघितलं नाही? भागूबाईने वड्या अर्ध्या केल्या, मग पाव केल्या. जीव तुटत होता, तरी प्रत्येकाला गाव विचारलं आणि घरी गाय आहे का तेही विचारलं. गोरेगाव आलं तेव्हा तळाशी एक वडी उरली होती. खरवस खाल्लेल्या एका बाईने तिला चाळीत आणून सोडलं.

चंद्रभागेने डबा उघडला आणि आईकडे बघितलं.

"सगळ्यांनी बघितला गो," म्हणत भागूबाई रडायलाच लागली. एवढा घाट उतरून आली आणि लेकीपुरतं काही उरलं नाही.

"एक हाय ना आये. बास झाली." चंद्रभागेने वडी उचलली, तेवढ्यात शेजारीण दारात येऊन डोकावली. "आई आल्या वाटतं? काय आणलं?"

चंद्रभागा त्याच घरात वाढलेली. ती वडीचे दोन तुकडे करायला लागली. भागूबाई ताडकन उठली आणि तिने शेजारणीच्या तोंडावर दार लावून घेतलं.

"खा तू. सगळी खा."

"अगो आये, कपिली आटंल."

"आटू दे."

ती परत आली आणि वाडीभर ही गोष्ट झाली, कारण तिनेच ती सांगितली. मला राहवेना. गोठ्यात जाऊन विचारलं, "काकी, कपिली आटली काय गो?"

भागूबाई धार काढत होती. चरवी अर्ध्याच्या वर भरली होती.

"नाय आटली. आल्या आल्या मी तिच्या कानात सांगितलं, लेकीपायी केलं म्हणून." तिने वासराला कासेला सोडलं. "ती पण आयच हाय रे."