मेल पोचला नाही, त्याची पोच

ऑफिसात फायली साठतात तसे किस्सेही साठतात. फरक इतकाच, की किस्सा मागितला की लगेच सापडतो!

आमचं कॉलेज जळगावला, संस्थेचं मुख्य कार्यालय धुळ्याला, आणि मधला सगळा कारभार ईमेलवर. आवक-जावक मी सांभाळतो. माझ्यावर हेडक्लार्क नाना. तीस वर्षांच्या नोकरीत नानांना एकच गोष्ट पटलेली आहे: कागद पाठवला म्हणजे पोचला असं नव्हे, समोरच्याचा शिक्का आणि सही असलेली पोच हातात आली की मगच तो पोचला.

यंदा याच पोचेवर आमच्या सुनंदाताईंची नोकरी अडकली होती. ताई ग्रंथालयात अकरा वर्षं हंगामी. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव धुळ्याला मुदतीत पोचायला हवा होता, तोही फक्त ईमेलनेच. मुदत चुकली तर ताई जूनपासून घरी. ते सविस्तर सांगतोच, पण आधी आमची मंडळी कशी आहेत ते ऐका.

*

मी नवीन लागलो तेव्हाची गोष्ट. पारोळ्याच्या शाखेला पाठवलेला मेल परत आला. पाठवणाऱ्याचं नाव, मेलर डीमन, म्हणजे न पोचलेला मेल आपोआप परत धाडणारं मशीन. नानांनी त्याची प्रिंट काढायला लावली, रजिस्टरात आवक नंबर टाकला आणि कागद प्रिन्सिपॉल सरांपुढे ठेवला. सर वाचतात कमी आणि सह्या जास्त करतात. त्यांनी शेरा मारला, "पाहिले. संबंधितांस उत्तर द्यावे."

नानांनी दिलं की! "आपले पत्र मिळाले. कार्यवाही सुरू आहे." आता तेही परत आलं. मला वाटलं नाना चिडतील, पण ते खूश.

"बघ भो," म्हणाले, "पारोळ्यापेक्षा हा माणूस बरा. निदान लगेच उत्तर तरी देतो!"

*

पारोळ्याचे क्लार्क म्हणजे आबा, बोलणं सगळं अहिराणीत. मेल पाठवला की दुसऱ्या मिनिटाला त्यांचा फोन. "मेल धाडेल शे, भेटना का?"

मिळाला म्हणून सांगितलं की व्हॉट्सअपवर लिहून मागणार. लिहून दिलं की ते मिळाल्याचं सांगायला पुन्हा फोन. एका किरकोळ रजेच्या अर्जापायी माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी मी वैतागलो. "आबा, सगळं फोनवरच सांगताय, तर मेल पाठवता कशाला?"

आबा जराही चिडले नाहीत. "भाऊ, मेल नही धाडा त मी तुम्हले फोन कसाले करसू?"

*

सरांना मध्यंतरी कुणीतरी शिकवलं, की मेल पाठवताना एक खूण केली की समोरच्याने तो वाचल्याचं आपोआप कळतं. सरांनी दिवाळीच्या शुभेच्छा लिहिल्या, स्वतः, चांगल्या दोन पानी! त्या खुणेसकट सगळ्या संचालकांना पाठवल्या आणि उत्तराची वाट बघत बसले.

पहिली पोच खुद्द अध्यक्षांकडून आली. इंग्रजीत होती. मी मराठीत वाचून दाखवली, "आपला मेल न वाचताच काढून टाकण्यात आला आहे."

सरांचा चेहरा पडला. नाना मात्र पुढे झाले आणि त्यांनी अगदी मनापासून धीर दिला. "सर, पोच तर मिळाली ना!"

*

बोदवडच्या शाखेने आपोआप उत्तर जाण्याची सोय करून घेतली: "आपला मेल मिळाला, धन्यवाद." त्यांचं बघून आम्हीही केली. शनिवारी दुपारी त्यांचा एक मेल आला, आमच्या मशीनने धन्यवाद दिले, त्यांच्या मशीनने त्या धन्यवादाला धन्यवाद दिले आणि आम्ही कुलूप लावून घरी गेलो. सोमवारी येऊन बघतो तर पेटी तुडुंब!

आमचं आणि बोदवडचं एका जुन्या कपाटावरून वर्षभर वाकडं होतं. नाना ते सगळे धन्यवाद वर-खाली करून बघत राहिले. "माणसं मधून काढली की किती गोडीनं चालतं बघ," म्हणाले.

*

आता ताईंचा मेल.

मुदतीचा शेवटचा दिवस. प्रस्तावावर सरांची सहीच आदल्या संध्याकाळी झालेली. सकाळी दहाला मी तो पाठवला आणि पाच मिनिटांत परत आला. असा पत्ता अस्तित्वात नाही! पत्ता परिपत्रकातलाच होता, मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. चार वेळा पाठवला, चारही वेळा परत. धुळ्याला फोन लावला तर तिकडून उत्तर, "पत्ता बरोबर आहे, पाठवत राहा. कागद आणू नका, चालणार नाही."

ताई माझ्या टेबलाजवळ उभ्या होत्या. नुसत्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

नाना म्हणाले, "परत काय आलंय त्याची प्रिंट काढ. दोन प्रती. मागे प्रस्ताव लाव." आणि साडेअकराच्या एसटीने धुळ्याला गेले.

तिथला आवक टेबलावरचा माणूस जेवायला निघाला होता. त्याने सवयीने वरच्या कागदावर शिक्का मारला, तारीख टाकली, सही केली, एक प्रत ठेवून घेतली आणि डबा घेऊन उठला. संध्याकाळी नानांनी ती पोच मला दाखवली तेव्हा मी कपाळावर हात मारला.

महिन्याने मुख्य कार्यालयात सुनावणी झाली. नाना, ताई आणि मी असे तिघं गेलो. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "मुदतीत मेल आलेलाच नाही."

नानांनी पोच पुढे केली. साहेबांनी ती दोनदा वाचली.

"नाना, यात तर लिहिलंय की मेल पोचला नाही!"

"हो साहेब. आणि खाली तुमच्याच ऑफिसचा शिक्का आहे, की हे तुम्हाला मुदतीत कळलं!"

साहेबांनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, सही ओळखली. दारातून बाहेरच्या आवक टेबलाकडे एकदा बघितलं. ताईंनी हातातली पिशवी घट्ट धरली होती.

मग साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"ताई," ते म्हणाले, "पोचला तुमचा मेल."