बदल शिकवायला आलेले सर

धुळ्याकडच्या एका अक्कामुळे जळगावात माझं काम टिकलं. बाकी काही सांगायच्या आधी हे लिहून ठेवते, कारण त्याचं श्रेय दुसऱ्याच माणसानं घेतलं.

मी मूळची रत्नागिरीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन इकडे आले. नवऱ्याचा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला, तेव्हापासून डाळ मिलमध्ये निवडायला बसू लागले. काम गेलं तर जायचं कुठे, या धास्तीनं मी रोज अर्धा तास आधीच फाटकाशी उभी असे.

आम्ही वीस-बावीस बाया रांगेत बसून खडे, काळे दाणे काढायचो. एखादीला बरं नसलं की शेजारच्या दोघी आपल्या निवडलेल्या डाळीची एकेक मूठ तिच्या घमेल्यात टाकत. न सांगता. मला दिवस गेले होते तेव्हा माझं निम्मं घमेलं शेजारी बसणाऱ्या अक्कानंच भरलं होतं.

नव्वदच्या आसपास शेठनी पुण्याहून एक सर आणले. मिलची जुनी पद्धत बदलायची होती म्हणे. पहिल्या दिवशी हे सर चपला काढून आमच्यात मांडी घालून बसले. शिकवायला नाही, शिकायला आलोय, म्हणाले. सूप घेतलं, अर्धी डाळ पँटवर सांडली, आणि आम्हाला माणूस आवडला. लिहिता-वाचता येतं म्हणून त्यांनी मला गटप्रमुख केलं, वही-पेन दिलं. तुमच्यात चांगलं काय आहे ते मोकळेपणानं सांगा, म्हणाले. मी मूर्खासारखी मुठीची गोष्ट सांगितली. अभिमानानं सांगितली. सरांनी फळ्यावर 'सहकार्य' लिहिलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या.

पंधरा दिवसांनी त्यांना खुर्ची आली. मग टेबलफॅन. मग शेठच्या घरचा डबा येऊ लागला, तसा आवाजही शेठच्या घरचा झाला. शेठ आम्हाला निदान नावानं हाक मारत; सर नाकावर रुमाल धरून 'या बायका' म्हणत. फळ्यावरचं 'सहकार्य' पुसलं गेलं आणि तिथे 'लपवाछपवी' आलं. गोष्ट तीच, मी सांगितलेली. घमेल्यांना नंबर पडले. मूठ टाकायला बंदी. शनिवारी जिच्या डाळीचं वजन सर्वांत कमी, तिनं सोमवारपासून यायचं नाही.

माझंही डोकं फिरलं होतं, ते लपवत नाही. कानावर पेन खोचून रांगेपुढून फिरायचे, बायांना गप्प बसा म्हणायचे. अक्का एकदा मान वर न करता म्हणाली, "तुले पेन भेटनं माय, आते आम्हले वळखशी का?" बाया हसल्या. मला राग आला.

पहिल्या शनिवारी वही घेऊन फिरण्यात माझी दुपार गेली. घमेल्याचा तळ जेमतेम झाकला होता. मी सरांकडे गेले. तुमचंच काम करत होते, म्हटलं. त्यांनी वर्तमानपत्र खालीसुद्धा घेतलं नाही.

"नियम सगळ्यांना सारखा."

जागेवर येऊन बसले तर हातातले दाणे दिसेनात. अक्कानं बघितलं. एक मूठ टाकली, मग दुसरी, मग टाकतच राहिली.

"अक्का, सर बघतील."

"भेवू नको. मी शे ना."

संध्याकाळी वजनं झाली. सर्वांत कमी अक्काचं. तो आकडा मीच माझ्या हातानं वहीत लिहिला. सरांनी तो शेठसमोर वाचला, अक्काला कामचुकार म्हणाले, आणि माझ्याकडे बोट करून सांगितलं की बघा, दुपारी ही मागे होती, प्रशिक्षणानं माणूस असा बदलतो. शेठनी मान हलवली. मी वही छातीशी धरून उभी.  अक्कानं पदर झटकला आणि चालू लागली.

सर पुढे त्याच मिलचे मॅनेजर झाले. भुसावळला, जामनेरला बदलावर भाषणं द्यायलाही जात. तिथे पहिल्या दिवशी चपला काढत असतील का, एवढंच माझ्या मनात येई.

अक्का धुळ्याजवळ लेकीकडे राहते, असं नंतर कळलं. कामचुकार म्हणून काढली, हे तिथंवर पोचलंच असणार. मी एक दिवस तिथे जाणार आहे. लेक, जावई, शेजारपाजार, सगळ्यांना बोलावून सांगणार आहे की तिची डाळ माझ्या नंबरावर तोलली गेली आणि मी गप्प बसले. हे तिच्यासमोर बोलेन. तिचे उपकार मला असेच फेडायचे आहेत, आणि मी ते फेडीन.