अक्कांकडची अणुरचना

अक्कांना उपमा चालत नसे. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी मी वहीत लिहिलं होतं, की सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉन फिरतात. त्यांनी त्या ओळीवर शांतपणे काट मारली. "उपमा खायचा असतो पोरी, पेपरात लिहायचा नसतो. इलेक्ट्रॉन कुठं सापडायची शक्यता किती, एवढंच आपल्याला सांगता येतं. तेवढंच लिही." मी हसायला हवं होतं. पण त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं.

अक्का येलहंक्यात आमच्या इमारतीमागच्या गल्लीत राहायच्या. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं घराणं बंगळुरात कधी आलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठीच, पण तिला कन्नडचं वळण. आम्ही मात्र पुण्याहून तीनच वर्षांपूर्वी आलेलो. भाजीच्या दुकानात आई स्वतःशीच पुटपुटली, "कोथिंबीर शिळी दिसतेय," आणि मागून अक्का म्हणाल्या, "पलीकडच्या दुकानात ताजी आहे की." तिथून दोघींची मैत्री.

मग आई गेली. मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा माझा रसायनशास्त्राचा पेपर त्याच आठवड्यात होता, तो बुडाला. दोन महिन्यांनी पुरवणी परीक्षा होती. तीही गेली तर कॉलेज सोडायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. बाबांना सांगितलं नव्हतं. आम्ही एकमेकांना फारसं काही सांगतच नव्हतो. ते सकाळी मारतहळ्ळीला ऑफिसला जात, संध्याकाळी उशिरा परतत, आणि दोघंही ताटाकडे बघत जेवत असू. अणुरचनेच्या धड्याचं पहिलं पान मी वीस वेळा वाचलं असेल. डोळे ओळीवरून पुढे जात, आत काही पोचत नसे. एकदा बाबांनी उघडं पुस्तक बघितलं आणि म्हणाले, "अक्कांकडे जाऊन बघ."

मी गेले. दार उघडताच अक्कांनी विचारलं, "आई बरी आहे ना?"

आई गेली त्या दिवशी अक्का आमच्या घरी येऊन गेल्या होत्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. म्हणाले, "अक्का, आई गेली ना." त्या उंबऱ्यातच बसल्या. "कधी ग? मला कुणी सांगितलं नाही!" त्या रडायला लागल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तोच उंबरा, तेच रडणं. मी पुन्हा पाणी आणलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आई बरी आहे ना?" आणि मी म्हणाले, "बरी आहे."

"सरी, ठीक. बस मग. वही काढ."

त्यानंतर मी रोज तेच उत्तर दिलं. कधी वर जोडूनही द्यायची, की आज इडल्या केल्यात, आज तिचा गुडघा दुखतोय. खोटं बोलल्याचं वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. पण चार ते पाच त्या घरात वाचलेलं डोक्यात राहायला लागलं, एवढं मात्र खरं.

अक्का आईचं जाणं विसरायच्या, गॅस बंद करायला विसरायच्या, पण रसायनशास्त्रातलं काही विसरल्याचं मी बघितलं नाही. जवळच्या हवाई दलाच्या तळावरून विमान उडालं की त्या गप्प होत. आवाज विरेपर्यंत खडू पाटीवर टेकवून थांबत आणि मग अर्धं राहिलेलं वाक्य नेमकं त्याच शब्दापासून पुढे नेत. ऑर्बिटल म्हणजे चौकट, इलेक्ट्रॉन म्हणजे बाण. सारख्या ऊर्जेच्या चौकटींत आधी एकेक बाण, मगच जोडी. मी घाई केली की म्हणत, "स्वल्प थांब. त्यांना घाई नाही, तुला कशाला?"

क्रोमियमवर मी नेहमी चुकायची. त्याचे बाहेरचे सहा बाण चार एकीकडे आणि दोन दुसरीकडे, असं हात आपोआप लिहायचा. अक्का ओरडल्या नाहीत. सलग नऊ दिवस त्यांनी तेच एक गणित घातलं. दहाव्या दिवशी मी पाच आणि एक लिहिलं. त्या म्हणाल्या, "आता बाकीचं कठीण नाही."

पुरवणी परीक्षेत क्रोमियम आलं. मी लिहिलं, उठले, बसने घरी आले. निकाल लागला तेव्हा पास झाले होते, चांगल्या गुणांनी. सांगायला गेले तर अक्कांच्या घरात खोकी बांधणं चाललं होतं. त्यांचा मुलगा त्यांना के. आर. पुरमला आपल्या घरी नेत होता. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "तू शिकायला येत होतीस? तिला तर काल काय जेवली तेही आठवत नाही."

अक्का खुर्चीत बसल्या होत्या. निकाल ऐकून त्यांनी मान डोलावली, जशी काही त्यांनी तपासलेलीच उत्तरपत्रिका होती. मग एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. "हा आईला दे. तू वाचू नको."

मी वाचला नाही. संध्याकाळी बाबा आल्यावर त्यांच्यासमोर ठेवला. "अक्कांनी आईला दिलाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "त्यांना माहीत नाही?"

"सांगितलं होतं. दोनदा."

त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं: 'मुलगी हुशार आहे. सध्या मन कुठं आहे कळत नाही, विचारलं तर सांगत नाही. तुम्ही आई आहात, तुम्ही विचारा.'

त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाले, "पेपरात काय आलं होतं?"

पेपर होऊन महिना झाला होता. मी सांगायला लागले. अणुकेंद्र, ऊर्जापातळ्या, चौकटी, बाण, क्रोमियम. बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं. मी थांबले की ते म्हणत, "मग पुढे?" मी पुढे सांगायची. सांगता सांगता केव्हातरी मी रडायला लागले. बाबांनी मला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं, स्वतःचे डोळे न पुसता, ते पुन्हा म्हणाले, "मग पुढे?"