गेरिटने खालून पाहिलेलं झाड

गेरिट डाइकहाउस आमच्या गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक म्हणजे त्याचं वेल्डिंग. त्याने जोडलेलं फाटक गाय मोडते, पण सांधा मोडत नाही. दुसरी, 'मी बायकोचं कधी ऐकलं नाही' हे त्याचं लाडकं वाक्य. ते ऐकताना लोक नम्रपणे खिडकीबाहेर बघतात.

डिसेंबर लागला की मी कोरिनच्या मळ्यावर जाऊन बसतो. लोकांनी यायचं, नाताळचं झाड निवडायचं, आपलं आपण कापून न्यायचं. करवती वाटण्याचं काम माझ्याकडे. पगार म्हणजे सफरचंदाचा गरम रस आणि गावभरच्या बातम्या. बातम्यांसाठी मी पदरचे डॉलरही मोजले असते.

गेरिट आणि हेटी दरवर्षी यायचे. हेटी रांगांमधून फिरणार, एकेका झाडाच्या फांद्या हातात घेऊन बघणार. गेरिट करवत धरून पाठमोरा उभा, लोकांच्या ट्रकांना नावं ठेवत. शेवटी ती "हे!" म्हणाली की हा बर्फात उताणा पडून खाली सरकायचा, आणि कुरकुर व करवत एकाच तालात चालायची.

आणि हेटीचं झाड दरवर्षी तेच. व्हाइट पाइन! सुया लांब, मऊ, बोकडाच्या दाढीसारख्या, आणि फांद्यांत जीव नाही. तिच्या आईच्या जड काचेच्या घंटा टांगल्या की फांदी थेट गालिच्यावर टेकायची. मी म्हणायचो, "हेटी, हे झाड आहे की भिजलेलं कुत्रं?"

"चावत तर नाही ना?" ती म्हणायची आणि विषय बदलायची.

गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेर चर्चच्या पायरीवरून घसरून हेटीचा खुबा मोडला. दवाखान्यातून ती घरी यायची त्याच्या आदल्या दिवशी गेरिट मळ्यावर आला. एकटा. दाढी केलेली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

कोरिनने विचारलं, "कोणतं देऊ? फ्रेझर फर घ्या, फांद्या दणकट असतात. वास हवा तर बाल्सम. नाहीतर निळा स्प्रूस?"

"हेटीचं असतं ते."

"ते कोणतं?"

गेरिटने टोपी काढली, परत घातली. "हिरवं असतं."

मी रसाचा पेला बाजूला ठेवला. "गाढवा, दरवर्षी तुझ्या बैठकीत उभं असतं ना ते?"

"त्याच्यावर एवढं चमचमतं काय काय लटकलेलं असतं, आत झाड आहे की छत्रीचा दांडा, कुणाला कळतंय?"

"मग तिला फोन लाव."

"आणि काय सांगू? इतकी वर्षं तुझ्या झाडाकडे मी बघितलंच नाही? ती घरी येईल तेव्हा झाड उभं पाहिजे. तिचंच पाहिजे. तिला न विचारता." त्याने करवत उचलली आणि एकटाच रांगांत शिरला.

मला उत्तर ठाऊक होतं. पण एवढी मजा फुकट घालवायला मी काही वेडा नाही. चुकीचं झाड घेऊन निघाला असता तर फाटकाशी अडवलं असतं. बहुतेक.

थोड्या वेळाने एक बाई धावत आली. "अहो, तिकडे एक म्हातारे गृहस्थ झाडाखाली पडलेत!"

कोरिन घोंगडी घेऊन पळाली, मागून मी. फ्रेझरच्या रांगेत झाडाखालून दोन बूट बाहेर आलेले.

"गेरिट! बरे आहात ना तुम्ही?"

"गप्प बस पोरी. शोधतोय." बूट हलले. "हे नव्हे. मानेला टोचतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाने झाड फक्त खालूनच पाहिलं होतं! तो उठला, बाल्समखाली शिरला. "वास झकास आहे. पण हेही नाही." निळ्या स्प्रूसखालून मात्र तो चर्चमध्ये न चालणारे शब्द बोलत बाहेर आला, नाकावर रक्ताचा थेंब.

मग व्हाइट पाइन. आत शिरला आणि बूट हलायचे थांबले. मी गुडघ्यांना शिव्या देत वाकलो. त्याच्या गालांवर मऊ सुया पसरलेल्या, डोळे मिटलेले.

"हेच," तो म्हणाला. "इथेच ती वरून म्हणते, आटप रे, थंडी लागेल तुला."

मी सरळ झालो. हेटीचा आवाज मला काही जमत नाही, तरी म्हटलं, "आटप रे, थंडी लागेल तुला."

खालून एक शिवी आली. ओली होती.

दुसऱ्या दिवशी डोनट घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. हेटीची चौकशी करायला, आणि अर्थातच पुढचं ऐकायला. ती खुर्चीत, समोर झाड, शेजारी गेरिट, छाती कोंबड्यासारखी फुगवून.

"ओळखलंस की नाही तुझं आवडतं?"

"आवडतं?" हेटी खुबा धरून हसली. "अरे, मला निळा स्प्रूस आवडतो. ताठ, चांदीसारखा. आईच्या घंटा काय दिसल्या असत्या त्यावर!"

"मग दरवर्षी हे लुळं ध्यान कशाला?"

"त्याच्याखाली तोंड कोण घालतं? मी की तू?"

गेरिट कॉफी ठेवायला म्हणून आत गेला. नळ वाहत राहिला, कॉफी काही आली नाही. मी एक अक्षर बोललो नाही. गावात कुणाचा यावर विश्वास बसत नाही.

यंदा हेटी काठी टेकत आली. गेरिट तिला निळ्या स्प्रूसच्या रांगेत घेऊन गेला. "निवड." तिने निवडलं. मग त्याने ट्रकमधून वेल्डिंगचा जुना मुखवटा काढला, चढवला, कातडी हातमोजे घातले आणि बर्फात उताणा पडला. दोन पोरं रडत आईकडे पळाली.

"आटप रे, थंडी लागेल तुला," हेटी म्हणाली.

मुखवट्याच्या आतून तो काहीतरी बोलला. हेटी या वयात लाजली. काय म्हणाला, ते मी तिला तीनदा विचारलं. सांगत नाही.