पूरमाचं साल

नदीवरचा पूल ओलांडून आम्ही पलीकडच्या वाटेला लागलो तेव्हा पूरमा काठीवर भार टाकून पुन्हा थांबली. दुसऱ्या दिवशी तिचा शंभरीचा सत्कार होता, आणि त्याआधी तिला आपली जन्माची जागा बघायची होती. रिक्षा करू म्हटलं तर ऐकेना. उद्या मिरवा रिक्षातून, आज मला चालू दे, म्हणाली.

सत्कार मांडवी या आमच्या बंदरगावातल्या शाळेत होता. ती जन्मली त्या १८९७ साली जगात काय काय घडलं, ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे, तिथल्या शिक्षिकेकडे, आलं होतं, कारण माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. मजकूर हेडमास्तर जयंतभाईंचा. पूरमाने तो वाटेतच वाचायला लावला. विलायतेच्या राणीला गादीवर साठ वर्षं झाली. अमेरिकेत बोस्टनला लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. सिकंदराबादेत एका डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचं मूळ सापडलं. तिघे जण फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाले.

"पोचले?" तिने विचारलं.

नाही पोचले, वाटेतच गेले, असं मी सांगितलं. जयंतभाईंनी तेवढं गाळलं होतं. शुभ प्रसंगी मरणाबिरणाचं नको, असं त्यांचं मत. म्हणून त्या साली मांडवीत आलेला प्लेगही त्यात नव्हता.

"म्हणजे डासाला जागा मिळाली, उंदराला नाही," पूरमा म्हणाली.

प्लेगाच्या भीतीने अर्धं गाव तेव्हा शेतात झोपड्या घालून राहिलं होतं. तिथेच पूरमा जन्मली आणि पाठोपाठ तिची आई गेली. बाप जहाजावर, झांझिबारला. शेजारच्या झोपडीतल्या हुरबाईने, एका मुसलमान खलाशाच्या बायकोने, आपल्या मुलाबरोबर हिलाही पाजलं. पुढे प्लेग गेला, पण त्याचं नाव हिला चिकटलं. जहाज निघायच्या सकाळी ती आडवी आली तर जहाजाचा म्होरक्या तांडेल घरी परतून पुन्हा अंघोळ करायचा. लग्न झालं तेही झांझिबारहून परतलेल्या एका बिजवराशी, त्याला कुणी काही सांगायच्या आत.

आता त्याच तांडेलांचे नातू नवं जहाज पाण्यात सोडताना तिला मानाने घेऊन जातात. तिच्या हातचा नारळ शुभ म्हणे.

"त्यांच्या आज्यांनी मला चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं," ती म्हणाली. "पोरांना ठाऊक नसेल. मी पण सांगत नाही. पेढे चांगले असतात."

झोपड्यांच्या जागी आता पेट्रोलपंप आहे. चाकात हवा भरतात त्याच्या मागे एक बाभूळ उरली आहे. पूरमाने तिच्याकडे बघून हात जोडले. तिथे देवीचं ठाणं असेल समजून मीही जोडले आणि मनात देवीचं नाव घेतलं; पण ती तिथे गेलेल्या आपल्या आईला हात जोडत होती. आईचं नाव काय, असं मी विचारलं. गावात ते कुणी कधी घेतलंच नाही, म्हणाली. उद्या ते घेतलं गेलं नाही, तर पुन्हा कोण घेणार.

मग तिने माझा हात धरला.

"बेन, उद्या राणीच्या आधी माझ्या आईचं नाव वाच. रतनबाई. प्लेग म्हणू नकोस, जयंतभाईला वाईट वाटेल. एवढंच म्हण, त्या साली रतनबाई इथे झोपडीत बाळंत झाली."

"आणि मूल जगलं, हे म्हणू?"

"ते समोर बसलेलं असेलच की. त्यापेक्षा हुरबाईचं नाव घे. राणीला मागून येऊ दे, तिला कसली घाई आहे."