पत्रिका न बघणाऱ्यांचं गणित

आमच्या घरी पत्रिका बघत नसत. मला बघायला आलेली मंडळीही बघत नसत. दोन्ही घरं पुढारलेली, असं मला वाटलं. पत्रिकेत जन्मतारीख असते, हे लक्षात यायला अर्धा तास लागला.

मी नववीला बीजगणित शिकवायचे. एकसामयिक समीकरणं हा माझा हातखंडा धडा. कोणी दोन गोष्टी सांगितल्या की त्यांतून तिसरी काढायची खोडच मला जडली होती, आणि ती मंडईत भाजी घेतानाही सुटत नसे.

मुलगा खडकवासल्याला नोकरीला होता. बोलला कमी, पण पोहे मागून घेतले. मला तो आवडला, अगदी मनापासून. आधीच्या सहा जणांनी नकार कळवला होता आणि आई या स्थळासाठी देव पाण्यात घालून बसली होती. मी फक्त गप्प बसायचं होतं.

आधी आलेल्या माहितीच्या कागदावर मुलाचं वय एकोणतीस लिहिलेलं. त्याची आई बोलकी. "परवाच यांची साठीशांत केली," त्या म्हणाल्या. "आमच्यात आठ वर्षांचं अंतर. वाटतं का सांगा!" मग चहा घेता घेता, "हा झाला तेव्हा मी अवघी एकोणीस वर्षांची हो."

साठातून आठ गेले, बावन्न. बावन्नातून एकोणीस गेले.

"म्हणजे तेहेतीस," मी म्हणाले. वर्गात सांगते तसं, खणखणीत.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथेच रडू फुटायचं बाकी राहिलं.

"गणित शिकवता, ते समजलं," त्याची आई म्हणाली.

मुलाने बशी खाली ठेवली. "उत्तर बरोबर आहे." मग तो माझ्या आईकडे वळला. "काकू, या बी.एड. कधी झाल्या?"

"एकविसाव्या वर्षी! एकदाही नापास नाही," आई खुलली. "आणि लगेच शाळेत लागली."

"किती वर्षं शिकवताय?" त्याने मला विचारलं.

"सहा."

आईचा चेहरा उतरला. आमच्या कागदावर तिने माझं वय चोवीस लिहिलं होतं.

"म्हणजे सत्तावीस," तो म्हणाला. "कागदावर आपल्यात पाच वर्षांचं अंतर होतं, खरं सहाचं निघालं. मला चालेल. तुम्हाला?"

अशा वेळी मुलीने आधी आईकडे बघायचं असतं. मी बघितलं नाही.

"चालेल," म्हणाले.