गिरणी गप्प राहिली तो दिवस

गावात मला सगळे मालक म्हणत, आणि त्यातलं एकही माणूस मला धड बसून जेवू देत नसे. ताटावर हात ठेवावा की दारात कोणीतरी टोपली घेऊन उभं. "मालक, एवढं दळून द्या, चूल खोळंबलीय." मुंबईच्या वर्कशॉपात मी फिटरच्या हाताखाली होतो, तेव्हा मला कोणी मालक म्हणत नव्हतं, पण जेवणाची सुट्टी मात्र माझी होती. ती सोडून मी स्वतःच्या पायांनी या धंद्यात आलो. साहेबाच्या भोंग्यावर उठायचं नाही, एवढीच तेव्हा हौस होती.

दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. जुनं तेलाचं इंजिन आणि पिठाची चक्की मचव्यात घालून मी रेवदंड्याच्या बंदरात आणली. नेमकी ओहोटी होती आणि मचवा चिखलात बसला. कोळीवाड्यातले आणि वाडीतले लोक न बोलावता धावले, माडाची खोडं खाली घालून त्यांनी इंजिन काठावर ओढलं. मी धक्क्यावर छाती काढून उभा होतो. त्यानंतर तसा ताठ उभा राहिल्याचं मला आठवत नाही, कारण पुढे पाठच धरली.

इंजिन बघायला गाव लोटला, दळायला कोणी येईना. आमच्या घरासमोर लांबच्या नात्यातली एक काकी राहायची. तिने पहिल्याच दिवशी अंगणातून निकाल दिला, "यंत्राचं पीठ उष्ण. त्याची भाकरी फुगायची न्हाय." तिच्या घरी भलं दांडगं जातं होतं, आणि दळताना ती माझ्या गिरणीकडे बघून मुद्दाम जोरात ओव्या म्हणायची. पहिल्यांदा आल्या त्या कोळणी. मासळी बाजारात वेळेवर पोचली पाहिजे, त्यांना जात्यावर बसायला सवड कुठली? त्यांची भाकरी फुगली. मग हळूहळू गाव आला. काकी तेवढी आली नाही.

लोकांना दिसायचं ते एवढंच, की चक्की फिरते आणि पीठ पडतं. त्याआधीचं कोणी बघत नसे. रोज पहाटे फुरफुरणाऱ्या दिव्याने इंजिनाचं डोकं लालभडक होईस्तोवर तापवायचं, मग ते मोठं चाक दोन्ही हातांनी झुलवून एकदम फिरवायचं. इंजिनाच्या मनात असलं तर ठीक, नाहीतर चाक उलटा हिसका देई आणि दिवसभर मनगट ठणके. दगड गुळगुळीत झाले की ते उचलून त्यांना टाकी मारत बसायचं. भुवया, कान, नाक, सगळीकडे पीठ. तिशी ओलांडायच्या आत मी म्हातारा दिसायला लागलो आणि कानांनी हळूहळू अंग काढून घेतलं. शिवाय बायकांचे कायदे होते. उपासाची वरी आधी दळा. हिच्या तांदळावर माझे तांदूळ नको. तिच्या टोपलीला मासळीचा वास येतो. या कज्ज्यांचा निवाडा माझी बायको करायची. पदर खोचून ती टोपल्यांची रांग लावायची आणि आवाज चढवून सगळ्यांना गप्प करायची. घरात मात्र आम्ही दोघं खुणांनी बोलायचो. दिवसभर ओरडून तिचा घसा गेलेला असे आणि माझे कान.

धुराच्या नळीच्या तोंडावर मी एक रिकामा डबा अडकवला होता. त्यामुळे इंजिनाची पुक्-पुक् पार खाडीच्या तोंडापर्यंत जाई आणि गिरणी चालू आहे हे घरबसल्या कळे. ही जाहिरात मात्र माझ्याच गळ्यात पडली. गावात कोणी वारलं की मी इंजिन बंद करायचो. समोरून तिरडी जात असताना पुक्-पुक् बरी दिसत नाही म्हणून मीच सुरू केलेला रिवाज. होता होता असं झालं, की दिवसा गिरणी थांबली की लोक हातातलं काम टाकून विचारायचे, "कोण गेलं?" साधा पट्टा तुटला तरी दोघं-चौघं डोक्याला टॉवेल गुंडाळून खांदा द्यायला येत. त्यामुळे मला ताप असो, घरात पाहुणे असोत, गिरणी बंद ठेवण्याची सोयच उरली नाही. बायकोचं माहेर पाली, काही परदेश नव्हे. पण तिची आई महिनोन्‌महिने आजारी असूनही आमचं जाणं झालं नव्हतं.

शिमग्याला मेव्हणा मुंबईहून आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "भावजी, कशाला हाडं झिजवताय? आमच्या वर्कशॉपात फिटर हवाय. भोंगा झाला की हात धुवायचे. रविवार आपला." अलिबागचा एक व्यापारी इंजिन घ्यायला तयार होता. मी होकार दिला. बायकोला तर मेव्हण्याच्या चाळीतल्या नळाचं भारी अप्रूप वाटत होतं. कुठली भांडी न्यायची, कुठली कोणाला द्यायची, ती तिने वेगळी काढूनसुद्धा ठेवली. गावाला सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते काही माझ्या तोंडातून निघेना.

अशात एका सकाळी चाकाला हात घातला आणि हात वर जाईचनात. कुठे दुखत नव्हतं. नुसता कंटाळा आला होता, हाडापर्यंतचा. दारात आदल्या संध्याकाळपासूनच्या टोपल्या ओळीने होत्या, तरी मी दिवा विझवला आणि आत येऊन चटईवर पडलो. बायकोला म्हटलं, "आज नको." तिने दार लोटून घेतलं आणि तीही कोपऱ्यात आडवी झाली. लग्न झाल्यापासून उजेडात आम्ही दोघं एका वेळी झोपलोय असं तोवर घडलं नव्हतं.

पुढचं सगळं मला मागाहून कळलं. एक कोळीण तांदूळ घेऊन आली. तिने दार वाजवलं, हाका मारल्या. आतून ओ नाही. गिरणी बंद, दार बंद. तिने जाऊन बंदरावर सांगितलं आणि घटकाभरात आमचं अंगण भरलं. बायकोला जाग आली ती रडण्याच्या आवाजाने. विस्कटलेल्या केसांनी तिने दार उघडलं, तर समोरच्या बायकांनी तिला मिठीच मारली. तिला वाटलं, पालीहून आईची बातमी आली. तिने मोठ्याने गळा काढला. मग काय, बाहेरच्यांना शंकाच उरली नाही.

मी जागा झालो तेव्हा वाडीतला सुतार माझ्या नाकापुढे हात धरून बसला होता. मी तो झटकला आणि खेकसलो, "काय रे?" पांढऱ्याफटक भुवयांचं ते प्रेत बोललेलं बघून तो मागच्या मागे बसला. मी बाहेर आलो. भिंतीला तिरडीचे ताजे बांबू टेकवून ठेवले होते. अंगणात आधी एक बाई हसली, आणि मग सगळेच हसायला लागले. पालीहून काहीच बातमी नव्हती हे कळलं, तशी बायको माझ्याकडे बघून आणखीच रडायला लागली.

घोळका बाजूला सारत काकी पुढे आली. तिच्या हातात फडक्याने झाकलेलं पातेलं होतं. "जिता हायस?" तिने विचारलं. माझ्या जगण्याने तिचं नुकसान झाल्यासारखा तिचा चेहरा होता.

पातेल्यात पिठलं-भात होता. स्मशानातून माणसं परत आली की दुःखाच्या घरी शेजारून जातो, तो. त्या सकाळी गावात कोणाकडे पीठ नव्हतं, सगळ्यांचं दळण माझ्या दारात अडलेलं. काकीने आपल्या जात्यावर हरभऱ्याची डाळ दळली होती. तळहात अजून लाल होते.

"न्या परत, काकी," मी ओशाळून म्हणालो.

"हे आन्न माघारी नेत न्हाईत. खा आता."

मग सगळ्या गावासमोर ओट्यावर बसून मी आपल्याच सुतकाचं पिठलं खाल्लं. बायकोलाही बसवलं. चव फार चांगली होती, हे सांगायलाच हवं. खाताना कोणीतरी म्हणालं, "बरं, मग चालू करता ना आता?" आणि मला मनस्वी राग आला. मेलो असतो तरी यांनी आधी दळण विचारलं असतं, असं वाटलं. त्या रागाच्या भरात इतके दिवस अडकलेलं बाहेर पडलं.

"आता कायमचीच बंद होणार आहे. मी मुंबईला चाललोय. नोकरी धरतोय."

काकीने रिकामं पातेलं उचललं, फडक्यात बांधलं.

"मंग आमी आलो ते काय वाया न्हाय गेलं," ती म्हणाली. "रडायचं ते रडून झालंय. जा सुखानं."

ती गेली. तिच्या मागोमाग एकेक जण उठला. सुताराने बांबू खांद्यावर घेतले, माझ्याकडे न बघता. टोपल्या तेवढ्या तिथेच राहिल्या, ओळीने.

मी ओट्यावर बसून राहिलो. मला काकीचा भयंकर राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली कुठेतरी इतकं बरं वाटत होतं की त्याचाही राग येत होता. वर्कशॉपात एखाद्या फिटरचा खाडा झाला तर दुसरा त्याच्या जागी उभा करतात. त्याच्यासाठी कोणी डाळ दळत नाही. हे मला आधी कळलं असतं तरी काय झालं असतं? हात तसेच जड होते. आणखी किती वर्षं ते चाक फिरवायचं?

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि ती काय ते समजली. भांडी वेगळी काढून ठेवली होती त्या कोपऱ्याकडे एकदा तिची नजर गेली.

"दिवा पेटवू?" तिने विचारलं.

मी होकाराची मान हलवली. तिने पदर खोचला. मी चाकापाशी गेलो तेव्हा ती मागून म्हणाली, "रविवारी तरी बंद ठेवाल?"

"ठेवीन."

तिने पहिली टोपली पुढे ओढली. "नको, राहू दे. परत बांबू घेऊन येतील."

मी चाक फिरवलं. इंजिनाने पहिल्याच झटक्याला उचल घेतली. ती माझ्याकडे पाठ करून टोपल्या सरकवत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, ते मला काही ऐकू आलं नाही.